साठी बुद्धी नाठी? आधी कारण शोधा!

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घरातील वडीलधारे माणूस विसरू लागले तर तो एखादा आजार असू शकेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. ताप आला तर आपण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो. गुडघा दुखला तर आधी तेल चोळतो आणि मग एक्स-रे काढतो. पण आजी एकच प्रश्न दिवसातून वीसदा विचारू लागल्या की, “आता वय झालं, म्हातारचळ लागला,” असे म्हणून आपण मोकळे होतो. यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. मग एके दिवशी आजोबा इतवारीतून भाजी आणायला निघतात ते वाडीच्या नाक्यावर सापडतात, आणि तेव्हा कुठे डॉक्टरांकडे धाव घेतली जाते.

या वाया गेलेल्या दोन-तीन वर्षांबद्दलच आज लिहायचे आहे. ताप हे जसे आजाराचे नाव नसून लक्षण आहे, तसेच विस्मरणाचे आहे. त्यामागे डझनभर कारणे असू शकतात. त्यांतील काही औषधाने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बरी होतात, मात्र वेळेत ओळखली तर. जी बरी होत नाहीत, त्यांतही सुरुवातीचा काळ फार मोलाचा असतो, कारण त्या काळात रुग्ण स्वतःच्या घराचे, पैशाचे आणि उपचाराचे निर्णय स्वतः घेऊ शकतो.

साधे विसरणे आणि आजाराचे विसरणे

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे, स्वयंपाकघरात गेल्यावर ‘कशाला बरे आलो होतो?’ असा प्रश्न पडणे, लग्नात भेटलेल्या गृहस्थांचे नाव ओठांवर न येणे आणि घरी परतताना ऑटोत बसल्यावर ते एकदम आठवणे, हे सगळे चालायचेच. चाळिशीतही ते होते. यात माहिती मेंदूत असते, ती बाहेर काढायला वेळ लागतो, इतकेच.

आजारात ती नोंदलीच जात नाही. चष्मा शोधणे वेगळे, आणि चष्मा फ्रिजमध्ये सापडल्यावर ‘मी तिथे ठेवलाच नाही’ असे ठामपणे म्हणणे वेगळे. आयुष्यभर गोळाभात करून वाढणाऱ्या बाईंना गोळे आधी करायचे की भात आधी टाकायचा, हे उमगेनासे होते. भाजीवाल्याला दोनशेची नोट दिल्यावर किती परत यायला हवेत याचा हिशेब लागत नाही. तीस वर्षांचा पायाखालचा रस्ता अनोळखी वाटतो. लग्नकार्यात पुढे असणारा माणूस चारचौघांत जायचे टाळू लागतो, कारण बोलताना शब्द सापडत नाहीत आणि ते लोकांना कळेल याची त्याला भीती वाटते.

डॉक्टर मंडळींचा एक ठोकताळा आहे. जो स्वतः येऊन “मी फार विसरतो हो,” असे सांगतो, त्याची काळजी थोडी कमी. ज्याला घरचे धरून आणतात आणि जो “मला काही झालेलं नाही, हे उगाच मागे लागलेत,” म्हणतो, त्याची काळजी जास्त. ठोकताळाच तो, नियम नव्हे. पण उपयोगी आहे.

शाळेत न गेलेल्या वृद्धांना तारीख किंवा पंतप्रधानांचे नाव विचारून काही साधत नाही. त्यांना पोळा होऊन गेला का, मारबत निघाली का, शेतात सध्या कापूस वेचणीला आला की अजून पेरणीच चालू आहे, असे विचारावे. ज्याला ऋतूचा आणि सणाचा पत्ता नाही, त्याच्या विसरण्याकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

आवकचा कारकून

मेंदूत आठवण कशी साठते हे समजण्यासाठी सरकारी कचेरी डोळ्यांपुढे आणा. बाहेरून आलेले प्रत्येक पत्र आधी आवक बारनिशीत नोंदले जाते, मग त्या-त्या टेबलावर जाते आणि शेवटी फाइल रेकॉर्ड रूममध्ये ठेवली जाते. मेंदूत ही आवक नोंदण्याचे काम कानशिलाच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग करतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. अल्झायमरच्या आजारात बहुतेक वेळा पहिला घाव याच भागावर बसतो. कारकूनच गैरहजर, म्हणून आजचे पत्र नोंदलेच जात नाही. रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फायली मात्र बराच काळ शाबूत राहतात.

म्हणूनच पंच्याऐंशी वर्षांच्या आजी १४ ऑक्टोबर १९५६ चा दीक्षाभूमीवरचा जनसागर, अंगावरची पांढरी लुगडी, वडिलांचा घट्ट धरलेला हात, सगळे काल घडल्यासारखे सांगतील. पण सकाळी चहा घेतला की नाही, हे त्यांना सांगता येणार नाही. घरच्यांचा नेमका इथेच गैरसमज होतो. “जुनं सगळं आठवतं, मग आजार कसला? मुद्दाम करतात,” असे म्हटले जाते. यात मुद्दाम काहीही नसते.

हा आजार फक्त म्हाताऱ्यांचा, हाही असाच एक समज. ज्या पहिल्या रुग्णावरून त्याची ओळख पटली त्या बाई, आउगुस्टे डेटर, १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. नवऱ्यावर संशय घेणे, वस्तू लपवून ठेवणे अशी त्यांची लक्षणे होती. नाव लिहायला सांगितले की अर्धे लिहून पुढचे विसरत. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये त्या वारल्यावर त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींच्या बाहेर चिकट पुटे आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी दिसल्या. त्याच वर्षी एका परिषदेत त्यांनी हे मांडले, पण उपस्थितांनी फारसे लक्ष दिले नाही. अल्झायमर हे नाव आजाराला १९१० मध्ये मिळाले.

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया ही मोठी छत्री आहे आणि अल्झायमर हा तिच्याखालचा सर्वांत मोठा हिस्सा. दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांचा. यात लहान-लहान पक्षाघात होऊन मेंदूचे तुकडे निकामी होतात आणि माणूस पायरी-पायरीने खाली येतो. तिसऱ्या एका प्रकारात भिंतीवर माणसे, मुले, प्राणी दिसतात. त्याला बाहेरची बाधा समजून काही घरे मांत्रिकाकडे जातात आणि वर्ष घालवून बसतात. चौथ्या प्रकारात स्मरण ठीक असते, पण स्वभाव पालटतो. सज्जन माणूस अचानक अर्वाच्य बोलू लागतो.

देशभरातील वृद्धांची तपासणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे निघाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आढळले. ‘हा शहरी, शिकल्या-सवरल्या लोकांचा आजार’ असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

बरे होणारे विस्मरण

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अल्झायमरचा शिक्का मारण्याआधी पुढील गोष्टी तपासल्या गेल्याच पाहिजेत. यांतील बहुतेक तपासण्या साध्या रक्ताच्या आहेत.

पहिले जीवनसत्त्व ब-१२. हे दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. आपल्याकडे अनेक वृद्ध पूर्ण शाकाहारी. त्यातच दात पडल्यावर आणि मधुमेहाच्या भीतीने जेवण उरते पोळी-भाजीपुरते, आणि दूध चहातले तेवढेच. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या यांमुळेही ब-१२ कमी होते. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे आणि सोबत विस्मरण, असे त्रिकूट दिसले तर आधी हे तपासा. इंजेक्शने स्वस्त आहेत. पण फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून निघत नाही.

दुसरी थायरॉईड. हे संप्रेरक कमी पडले की माणूस संथ होतो, थंडी जास्त वाजते, आवाज जड होतो, बद्धकोष्ठ राहते आणि विसरणे वाढते. रोजची एक गोळी पुरते.

तिसरे कारण फार वेळा निसटते, ते म्हणजे डोक्याला बसलेला मार. न्हाणीघरात पाय घसरून किंवा स्कूटरवरून पडून डोके आपटते, टेंगूळ येते, दोन दिवसांत सगळे विसरतात. वृद्धांच्या कवटीखाली मात्र रक्त हळूहळू साचत जाते. तीन-चार आठवड्यांनी माणूस झोपाळू होतो, डोके दुखते, पाय ओढत चालतो, बोलण्यात गोंधळ होतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक. सीटी स्कॅनमध्ये हे दिसते, आणि कवटीला लहान छिद्र पाडून रक्त काढले की अनेक रुग्ण ओळखू न येण्याइतके सुधारतात. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी “दीड महिन्यापूर्वी पडले होते,” हे आपणहून सांगा.

मेंदूतले पाणी वाढल्यामुळेही असे होते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नसणे आणि विस्मरण, ही त्याची खूण. त्यावरही शस्त्रक्रिया आहे.

नैराश्याबद्दल तर वेगळा लेखच लिहावा लागेल. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांत “यांचे डोके चालेनासे झाले,” असे घरचे सांगतात. खरे तर डोके चालते, पण मनच कशात लागत नसते. झोप नाही, भूक नाही, प्रश्न विचारला की “माहीत नाही.” हे योग्य औषधाने आणि माणसांत वावरल्याने सुधारते.

मग औषधांची पिशवी. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, लघवीसाठी दिलेल्या काही गोळ्या वृद्धांच्या स्मरणशक्तीवर परिणाम करतात. एका डॉक्टरांनी दिलेले दुसऱ्यांना माहीत नसते, आणि झोपेची गोळी चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर अजून चालू असते. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. मात्र मनाने कोणतीही गोळी एकदम बंद करू नका. दारू वर्षानुवर्षे चालू असेल तर तेही न लाजता सांगा. त्यातून होणाऱ्या थायमिनच्या कमतरतेवर लवकर उपचार झाले तर उपयोग होतो.

आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की वृद्धांना तहान कमी लागते, पाणी कमी पडते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे सोडियम उतरते आणि कालपर्यंत ठणठणीत असलेले आजोबा आज भलतेच बरळू लागतात. लघवीतील जंतुसंसर्गानेही असेच होते, कधी ताप न येताही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ ही तातडीची बाब आहे. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ब्राह्मी-शंखपुष्पीच्या बाटल्या आणि भिजवलेले बदाम यांवर कोणाची श्रद्धा असेल तर असो. पण त्यांनी स्मृतिभ्रंश बरा होतो असा पुरावा नाही, आणि बाटली संपेपर्यंत तपासणी लांबणीवर टाकणे हे मात्र नुकसानीचे.

पाटल्या कोणी चोरल्या?

तपासण्या झाल्या, बरे होणारे कारण सापडले नाही आणि निदान अल्झायमरचे झाले, असे समजा. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे काही काळ थोडा आधार देतात. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या इंजेक्शनांना पूर्ण मान्यता मिळाली. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात ती आजाराचा वेग काहीसा कमी करतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांत असतो. तेव्हा खरा उपचार घरातच घडतो.

या आजाराने घरे मोडतात ती विस्मरणापेक्षा संशयामुळे. सासूबाई पाटल्या स्वतःच डब्यात, तांदळाच्या कोठीत किंवा उशीच्या खोळीत ठेवतात. ठेवल्याची नोंद मेंदूत होत नाही. पाटल्या जागेवर नाहीत, मी तर हलवल्या नाहीत, म्हणजे कोणीतरी घेतल्या, आणि घरात दिवसभर असते कोण? सून! त्यांच्या दृष्टीने हा तर्क बिनचूक आहे. मग त्या पुण्याच्या मुलीला फोन करून रडत सांगतात, मुलगी भावाशी बोलणे सोडते आणि जी बाई रात्रंदिवस सासूचे करते, तिच्यावरच चोरीचा आळ येतो. असे घर तुमच्या ओळखीत असेल तर हा मजकूर त्यांना वाचून दाखवा. संशय हे आजाराचे लक्षण आहे, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवणे हे सुनेवर मोठे उपकार ठरतील.

अशा वेळी “आई, तुम्हीच ठेवल्यात,” असा वाद घालू नये. “चला, आपण दोघी मिळून शोधू,” असे म्हणावे. नेहमीच्या लपवण्याच्या तीन-चार जागा आपण जाणून ठेवाव्यात. “बाबा, आत्ताच जेवलात ना,” हे पाचव्यांदा सांगण्यापेक्षा थोडे फुटाणे किंवा फळ हातात द्यावे. संध्याकाळी दिवेलागणीला गोंधळ वाढतो, “मला माझ्या घरी जायचंय,” असा धोशा सुरू होतो. त्या वेळी खोलीत भरपूर उजेड ठेवावा, एक फेरी मारून आणावे. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करावा. खिशात नाव, पत्ता आणि मुलाचा मोबाइल नंबर असलेले कार्ड कायम असावे. फाटकाला आतून कडी घालावी, पण माणसाला एकट्याला कोंडून जाऊ नये.

माणूस भरकटतो म्हणजे काय, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ चा मराठी चित्रपट अवश्य पाहावा. संस्कृतचे निवृत्त विद्वान रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे निघून जातात आणि मुलगी शोधत राहते. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे विशेष.

हे सगळे करते कोण? दहातल्या नऊ घरांत सून, मुलगी किंवा स्वतः थकलेली पत्नी. तिला आठवड्यातून निदान अर्धा दिवस पूर्ण सुट्टी मिळाली पाहिजे, आणि ती सुट्टी घरातल्या पुरुषांनी तिच्या जागी बसून द्यायची आहे. “काही लागलं तर सांग,” एवढ्याने ती मिळत नाही.

सही चालते तोवर

कामगारांचे झुंजार नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६७ मध्ये मुंबईत स. का. पाटलांना हरवले, १९७४ चा रेल्वे संप घडवला आणि पुढे देशाचे संरक्षण खाते सांभाळले. अल्झायमरने त्यांना घेरल्यावर त्यांची देखभाल कोणी करायची आणि त्यांना कोणी भेटायचे, हा कुटुंबातील वाद २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९ मध्ये ते वारले. ज्यांच्या हाकेवर मुंबई थांबत असे, त्यांचे हे. मग तुमच्या-आमच्या घरच्या दोन खोल्यांच्या आणि चार एकरांच्या वादाची काय कथा!

एक कायदेशीर बाब फार थोड्यांना ठाऊक असते. “बाबांचे मुखत्यारपत्र करून ठेवले आहे, काळजी नाही,” असे लोक सांगतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारा मनाने अक्षम झाला की ते अधिकार संपतात. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो कामाचा राहत नाही. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. तेव्हा मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते, वारसाची नोंद ही कामे समज शाबूत असतानाच उरकावीत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवशीचा, व्यक्ती समजून-उमजून निर्णय घेण्यास सक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला तर पुढची भांडणे टळतात. निदान झाले म्हणजे त्या दिवसापासून सहीचा अधिकार गेला, असेही नव्हे. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस बहुतेक निर्णय नीट घेऊ शकतो. त्याला वगळून त्याच्या मालमत्तेचे बेत आखणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याची आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याची सोयही आहे.

तरुण वाचकांसाठी दोन शब्द. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये म्हटले की, जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश १४ कारणे आवरली तर टाळता किंवा लांबवता येईल. चाळिशीतला रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठे आयुष्य, डोक्याला मार, एकटेपणा ही त्यांतली काही. हेल्मेट घाला, दंडाच्या भीतीने नव्हे, डोक्याच्या. पानटपरीवर घोटून घेतलेला खर्राही रक्तवाहिन्यांच्या बाबतीत काही निरुपद्रवी नाही. कानाने कमी ऐकू येत असेल तर लाज न धरता यंत्र लावा, कारण बहिरेपण हेही त्या यादीत अगदी वरचे नाव आहे.

तपासणीसाठी आधी आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जावे. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानचे एम्स येथील मेडिसिन व मानसोपचार विभाग, वर्धेकडच्या वाचकांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालय. मानसोपचार हा शब्द ऐकून बिचकू नये. जाताना औषधांची पिशवी, जुने कागद आणि एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून न्याव्यात: विसरणे पहिल्यांदा केव्हा लक्षात आले, तेव्हापासून कोणते रोजचे काम जमेनासे झाले, आणि गेल्या तीन महिन्यांत पडणे, ताप किंवा नवे औषध असे काही घडले का. सोबत रोज घरात असणारी व्यक्ती न्यावी. रविवारी भेटायला येणाऱ्या मुलाला यातले फार थोडे माहीत असते. फोनवर सल्ला हवा असल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत असते, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ चोवीस तास. दोन्ही निःशुल्क आहेत.